कोणाला उठवून बसू?

१२ नोव्हेंबर, रविवार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. आम्ही बरे आहोत, म्हणजे या वयात असतात तितके. तुझ्या भावजींचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा जास्त ते. माझा घसा बसलाय. साठ पोरांवर ओरडून दुसरं काय होणार!

तुझी लेक ठकू मजेत आहे. खाते, झोपते. दर सोमवारी होणाऱ्या उलट्यांवर डॉक्टरांनी हवापालट सांगितला, तो मानवलेला दिसतो. घरी एकटी कंटाळते, म्हणून मी तिला शाळेत नेते, माझ्या दहावीच्या वर्गात. रागावू नकोस, अभ्यास बुडत नाही.

तू परवा विचारलंस, "तुमच्या सरकारी शाळेत शिकून कोणाचं भलं झालंय?" खरं सांगू? फारसं कोणाचं नाही. तुमच्या खासगी शाळेचा निकाल शंभर टक्के. आमचा निम्म्यावर गेला तरी आम्ही एकमेकांची पाठ थोपटतो. गणिताला शिक्षक नाही, म्हणून भाषेची मी गणितही ओढते. नळाला पाणी आलं तर तो दिवस चांगला. अर्धी पोरं सकाळी कुठेतरी राबून येतात आणि माझ्यासमोर पेंगतात. त्यांना सुखी म्हणायला जीभ रेटत नाही. आणि तुम्ही "हिला जमणार नाही" म्हणून काढलेली पोरं शेवटी माझ्याच पदरात पडतात. मग तुमचे शंभर आणि आमचे निम्मे. हे भांडण नव्हे गं. भांडायचंही त्राण नाही आता.

पहिल्या दिवशी ठकू वर्गाच्या दारातच उभी राहिली. मी म्हटलं, "अगं, बस की कुठेही."

तर विचारते, "मावशी, कोणाला उठवून बसू?"

मला कळेना. पोरींनी सरकून जागा केली, एका बाकावर चौघी. मग आठवलं. तुमच्याकडे दर सोमवारी परीक्षेच्या गुणांप्रमाणे बाकं बदलतात. पहिली पहिल्या बाकावर, शेवटची भिंतीला. ही पद्धत तूच सुरू केलीस, आणि उपमुख्याध्यापिका म्हणून नंबरही तूच वाचतेस. किती कौतुकानं सांगितलं होतंस मला!

शुक्रवारी मी वर्गाला गणितं घातली आणि बाकांमधून फिरत होते. ठकूनं सगळ्यात अवघड गणित बरोबर सोडवलं. शेजारणीच्या कागदाकडे एकदा पाहिलं. मग पट्टी ठेवून स्वतःचं गणित शांतपणे खोडलं. नक्कल करणारी पोरं जन्मभर पकडली मी. बरोबर आलेलं खोडणारी पहिल्यांदाच पाहिली.

घरी येताना विचारलं. म्हणाली, "सवय लागली." थोडं चालल्यावर बाकीचं सांगितलं. तुमच्या वर्गात तिची एकच मैत्रीण, मधल्या बाकांवरची. तिच्या शेजारी बसायचं तर तिच्याइतकेच गुण पडायला हवेत. म्हणून ही अंदाजानं आपली उत्तरं खोडायची. "अंदाज चुकला की मधे तिसरीच कोणीतरी बसते, मावशी." तू म्हणत होतीस, मोबाइलनं लक्ष उडालं!

आणि सोमवारच्या उलट्या का, तेही विचारलं. "नंबर वाचताना आई मला आडनावानं बोलावते," म्हणाली. एवढंच.

मला रस्त्यातच रडू आलं. तुझा राग आला की दया, ते अजून ठरत नाही. पोर तुझी, हुशारी तुझी, हट्टही तुझाच.

आता इतका वेळ टाळलं ते लिहिते. ठकूला परत यायचं नाही. दहावी इथूनच देईन म्हणते. मी हो म्हटलेलं नाही. माझ्याकडे तिचे गुण कमी होतील, हे आत्ताच सांगून ठेवते. माझं गणित तुला लहानपणापासून माहीत आहे. शिवाय तिची जबाबदारी पेलेल इतकी ताकद माझ्यात उरलीय का, देव जाणे. पण काल चौघींच्या त्या बाकावर तिनं शेजारणीला तेच गणित समजावून सांगितलं, आणि या वेळी खोडलं नाही. हसत होती गं. कितीतरी दिवसांनी.

शाळा सोडल्याचा दाखला तुझ्या सहीशिवाय निघणार नाही, आई म्हणूनही आणि तिथली बाई म्हणूनही. तो टपालानं पाठवू नकोस. घेऊन ये. सही करायला हात धजला नाही, तर तशीच ये. पण ये.

तिला म्हटलं, आईला दोन ओळी लिही. बराच वेळ पेन धरून बसली. मग विचारते, "आई शुद्धलेखन तपासेल का?"

कागद कोराच राहिला. त्या दोन ओळी तू इथे येऊन तिच्या तोंडूनच ऐक.

तुला कधीच नंबर न विचारलेली,
तुझी ताई