एकदाच वाचता येणारा शब्द

सर, काल शहापूरला घरी आले तेव्हा शाळेची नवी प्रयोगशाळा पाहिली. कपाटांना काचा आहेत, कुलपं नाहीत. तुमच्या वेळी एकच लोखंडी कपाट होतं, त्याची किल्ली तुमच्या खिशात पेनाशेजारी असायची, आणि आत मॅग्नेशियमच्या फितीचा बोटभर तुकडा होता. दर वर्षी तुम्ही तो चिमट्यात धरून दाखवायचात, कसा जळतो ते फळ्यावर लिहायचात आणि परत ठेवायचात. "एकच हाय. जाळला का गेला."

मी बाकावरून म्हणते, "मंग ठेवून काय करता जी सर? लोनचं घालता का?" वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. "लय तोंड चालून राहिलं तुह्यं. बाहेर उभी राह्य." तास संपेपर्यंत मी व्हरांड्यात. दुसऱ्या दिवशी तुम्ही कपाट उघडता. फीत काळवंडलेली असते. तुम्ही ती बराच वेळ घासत बसता, मग दिवा पेटवता. "लोनचंवाली, पुढं ये. आन सारे डोळे बारीक करा." पांढरा उजेड होतो, मग राख. मागून कोणी तरी ओरडतं, "सर, अजून एकदा!" तेव्हा मात्र तुम्ही हसता.

मी आता रेणूंत अक्षरं साठवण्याचं काम करते. लहान रेणू एकापुढे एक जोडून साखळी करायची. कड्यांचा क्रम म्हणजे मजकूर. तो सांभाळायला वीज लागत नाही, थंड खोली लागत नाही. कुपीत पिवळसर भुकटी पडून राहते, आणि कोणती कडी म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्याला ती भुकटीच. वाचायचं तर टोकापासून एकेक कडी सोडवायची. सुटताना प्रत्येक कडी आपली विजेची खूण देते. वाचून झालं की साखळी उरत नाही.

एका शब्दाची भुकटी करायला आम्हाला महिने लागले, आणि चाचण्यांत ती संपत गेली. शेवटी एका वाचनापुरती उरली. काम चालू ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवायला पाहुणे येणार होते. आमचे प्रमुख म्हणाले, "बंद कुपीच दाखवू. वाचताना एक अक्षर चुकलं तर सगळं गेलं." मी म्हटलं, "न वाचता दाखवली, तर तिच्यात शब्द आहे हे त्यांनी कशावरून मानायचं?" ते म्हणाले, "चुकलं तर तुम्ही उत्तर द्यायचं." मी हो म्हटलं.

पाहुणे आले त्या दिवशी पडद्यावर अक्षरं सावकाश येत होती. मध्येच रेषा डळमळली आणि थांबली. एका पाहुण्याने कप खाली ठेवला. मग पुढचं अक्षर आलं, त्यापुढचंही. सगळी बरोबर आली. कुपी रिकामी झाली, काम चालू राहिलं.

नंतर प्रमुखांनी विचारलं, "हा शब्द कुठल्या भाषेतला?" मी म्हटलं, "नुसती अक्षरं आहेत." तसं नव्हतं. आमचा सगळा वर्ग तुमच्या पाठीमागे तुम्हाला जे म्हणायचा, ते नाव होतं ते. हे पत्र कुठे जाणार नाही, तुम्ही वाचणार नाही, हे माहीत असूनही मी ते इथे लिहायला धजत नाही.