पाळीखालचं घर

१२ ऑगस्ट ८३
आजही झड. तलाव काठोकाठ. आमचं घर त्याच्या पाळीच्या, मातीच्या बांधाच्या, अगदी पायथ्याशी. मागच्या दारातून पाळ दिसते, पलीकडचं पाणी दिसत नाही. तेच वाईट.
जादा पाणी सांडायला सलंग आहे, पण त्याच्यावर गावानं माती-दगडांची हातभर भर घातली. नव्या बियाण्यानं उन्हाळ्यातही धान दिलं, तेव्हापासून थेंब सोडवत नाही कुणाला. गाव करी ते राव न करी.
पाळीवर मात्र यंदाही माती पडली नाही. पूर्वी मृगाआधी घरटी एक माणूस, एक टोपलं. आता म्हणतात, "तलाव सरकारचा, आपन माती कायले टाकाची?"

१४ ऑगस्ट
गोठ्यामागे पाळ पाझरते. सासऱ्यांना, मामाजींना सांगितलं. सासूबाई गेल्या त्याच साली त्यांचं अर्धं अंग गेलं, खाटेवरच असतात.
"साफ येऊन रायलं का गढूळ?"
लोटाभर नेऊन दाखवलं. साफ.
"मंग भेऊ नोको. गढूळ आलं त समज, पाळ आतून खचून रायली."
आधी नुसती पाण्याची भीती होती. आता लोटा भरायचीही.

१७ ऑगस्ट
सलंगावर पहारा बसला, कुणी भर फोडू नये म्हणून. घरागणिक नंबर. ह्यांना म्हटलं, थोडीशी फोडा ना.
"तू म्हणशीन अन् गाव ऐकन? उन्हाळी धानावरच घरावर कवेलू चढले, भुललीस का?"
नाही भुलले. त्याच कौलांखाली जागी पडते.

१९ ऑगस्ट
लोट्याच्या तळाशी माती. मामाजींनी पाहिलं. म्हणाले, "मले हलवू नोका. तुमी निंघा." रडू आवरेना.
तसाच लोटा घेऊन देवळात गेले. पंच बसले होते. सगळ्यांनी वाकून पाहिलं. सरपंच म्हणाले, "बाई, उद्या ऊन पडन. दोन दिवस दम धर." ह्यांची मान खाली.
घरी आल्यावर मला म्हणतात, "माहेरी जाय." गाडीवाट बुडालेली. आणि मामाजींना कोण उचलणार?

२० ऑगस्ट, दुपार
ऊन नाही. गोठ्यामागची धार मनगटाएवढी झाली, चहासारखी लाल. बैल सोडून दिले.
आज पहाऱ्याचा नंबर ह्यांचा. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.
भाताचा डबा बांधला. फावडं पदराखाली लपत नाही, तसंच खांद्यावर घेते. मामाजींना सांगितलं, सलंगावर जाते. त्यांनी चांगला हात उचलला, "जाय" म्हणाले.
एवढी वर्षं ह्यांच्याबरोबर एका बांधीत धानाचा रोवणा केला. आज फावडं बघून ते मला अडवतील की स्वतः हातात घेतील, सांगता येत नाही. निघते.