पांढऱ्याची पारख

ता. ४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

एका पिवळ्या चादरीची खरी किंमत काय पडली ते आधी सांगतो. दोनदा भट्टी, तीनदा नीळ, माझ्या उजव्या हाताच्या बोटांची सालं, आणि सव्वीस वर्षं आपल्या लॉन्ड्रीत पांढरे कपडे धुणारा सफेदमामा. चादर अजून पिवळीच आहे. मामाला मी घरी बसवलं.

लगेच डोळे पुसायला घेऊ नकोस, आधी ऐक. गेलं वर्षभर बघतोय, आपल्याकडून बाहेर पडणारा एक कपडा पांढरा नाही. शर्ट बघावा तर म्हाताऱ्याच्या दातांसारखा, अभ्रा बघावा तर आजाऱ्याच्या नखांसारखा. शिसारी येते. अगं, मी माणसांचा मळ उपसूनच वर आलो. कॉलरीवरची मेणचट रेघ, उशीवरचं तेल, दवाखान्याच्या चादरींवर जे जे असतं ते तर जेवायच्या आधी तुला सांगतच नाही. त्याची किळस मला कधी आली नाही. तो मळ आत येतो आणि पांढरा होऊन बाहेर जातो, हाच आपला धंदा. पण धुऊन, नीळ देऊन, इस्त्री होऊन समोर आलेला कपडा पिवळा दिसला की मी तो चिमटीत धरून परत टबात टाकतो.

मामाला रोज सांगत होतो, नीळ वाढव. तो मान हलवायचा आणि जेमतेम चिमूटभर वाढवायचा. माझे कान तुला माहीत आहेत. लहानपणी तू खाऊच्या डब्याचं झाकण उघडलंस की मला तिसऱ्या खोलीत कळायचं. परवा वाफेच्या एवढ्या आवाजातही मी टबापलीकडचं स्पष्ट ऐकलं. मामा इस्त्रीवालीला सांगत होता की मालक काहीही म्हणोत, या कपड्यांना आता चिमूटभरसुद्धा नीळ लावायची नाही. माझ्या दुकानात, माझ्या पाठीमागे! तिथल्या तिथे त्याला रजा दिली. नीळ आता माझ्या कपाटात कुलपात आहे आणि मी स्वतः घालतो. गल्ल्यावर सूनबाई होती. एरवी माझ्या प्रत्येक वाक्याला तिचं उत्तर तयार असतं, त्या दिवशी गप्प बसली. म्हणजे तिलाही पटलंच असणार.

दुसऱ्याच्या जिन्याखाली एक कोळशाची इस्त्री घेऊन बसलो होतो, तेव्हापासून या शहरानं पांढरं कशाला म्हणतात ते माझ्याकडून शिकलं. डोळ्यांच्या दवाखान्यातले कोटसुद्धा आपल्याकडे येतात. म्हणजे बघ, डोळ्यांचे डॉक्टर पांढरं कशाला म्हणतात तेही मीच ठरवतो!

सोबत एक अभ्रा पाठवतोय, खास माझ्या हातचा. लोभ आहेच, कान पिळायचा हक्कही तुझ्याकडेच ठेव.

तुझा,
धाकटा


ता. १२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र आणि अभ्रा दोन्ही पोचलं. अभ्र्याचा आकाशी रंग गोड आहे, लगेच उशीला घातला. पण अरे, मी आकाशी कधी मागितला होता?

मामांचं वाचून ताट बाजूला सारलं. तू तापानं महिनाभर अंथरुणाला खिळला होतास तेव्हा दुकानाचं दार एक दिवस बंद राहिलं नाही, ते कुणामुळे? सोड्यानं खाल्लेले हात घेऊन या वयात त्यांनी कुणाच्या दारात उभं राहायचं? रागाच्या भरात तू काय करतोस ते मला नवीन नाही, पण राग उतरला की दुसऱ्या दिवशी माणसाला बोलावून आणायचास. या वेळी आठवडा उलटला.

आता मी विचारते त्याचं खरं उत्तर दे. संध्याकाळी रस्त्यातल्या दिव्यांभोवती कडी दिसतात का? बटण तुटलं तर सुईत दोरा कोण ओवतं? मागच्या खेपेला आलास तेव्हा माझ्या शेजारणीला अक्का म्हणत वाकून नमस्कार केलास. आम्ही पोट धरून हसलो, आणि तूही मुद्दाम गंमत केली म्हणालास. मला ती गंमत तेव्हाच थोडी संशयाची वाटली होती.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवतं? डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही, आणि तू मेल्या पलंगाशी बसून विनोद सांगायचास. डोळ्यातलं भिंग काढून टाकलं आणि बदल्यात नाकावर हा बाटलीच्या बुडाचा चष्मा आला. आजही पायरी पायानं चाचपते मी. तशी वेळ आता कुणावर येत नाही. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, जुन्या भिंगाच्या जागी आता आतच नवीन भिंग बसवतात. कुठल्याशा युद्धात विमानाचं पारदर्शक छत फुटलं आणि त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले. डोळ्यांनी ते मुकाट सोसले, ना पू ना सूज. ते पाहून एका डॉक्टरच्या मनात आलं की याच प्लास्टिकचं भिंग आत का बसवू नये? त्याच्याच मंडळींनी त्याला आधी वेड्यात काढलं म्हणे. शहाण्यांचं काय ऐकायचं ते तूच ठरव.

माया करतेच, आता थोडं ऐकही.

तुझी,
अक्का


ता. २५ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

अभ्रा आकाशी! तुझ्या त्या बाटलीच्या बुडातून तुला उद्या मीसुद्धा निळा दिसेन. आधी चष्मा बदल.

तुझं पत्र सूनबाईनं मला वाचून दाखवलं (अक्षर बारीक काढतेस हल्ली) आणि त्यानंतर माझ्याशी कपट केलं. कोटांचं गाठोडं दवाखान्यात पोचवायला म्हणून मला बरोबर नेलं आणि तिथे माझंच गाठोडं आत ढकललं. डॉक्टरीणबाईंनी माझी हनुवटी एका यंत्रावर टेकवली, दिव्याची तिरीप आत घुसवली आणि सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, कडक चहासारखा तपकिरी. पिकलाय! आंबा असल्यासारखं बोलतात.

पुढचं ऐकशील तर तुलाही मळमळेल. शेजारच्या खोलीत भिंगं विकणारा एक गुळगुळीत माणूस बसला होता. टेबलावर नारळाएवढा प्लास्टिकचा डोळा. त्याची त्यानं दोन शकलं केली आणि आतलं भिंग चिमटीत धरून नाचवलं. हे लांबचं दाखवणारं, हे जवळचंही दाखवणारं, हे तिन्ही अंतरांचं. लॉजच्या खोल्या दाखवतात तसा दाखवत होता, समोरच्या माणसाच्या डोळ्यात सुरी जाणार आहे याची त्याला दखलही नव्हती. मी विचारलं, जुनं भिंग काढता कसं? म्हणाला, दातांवरचं कीटण काढायचं जे थरथरणारं यंत्र असतं, त्यावरून एका डॉक्टरला दातांच्या खुर्चीत बसल्या बसल्या सुचलं की त्याच थरथरीनं डोळ्यातलं भिंग फोडावं आणि नळीनं ओढून घ्यावं. अक्का, काय ही माणसं! दातांचं डोळ्यात, विमानाचं डोळ्यात. उद्या मोरीचं घालतील.

आणि कडेलोट झाला तो शेवटच्या नमुन्यावर. म्हणे हे भिंग किंचित पिवळसर असतं, उजेडाचा त्रास कमी होतो. पिवळसर! पिवळ्याशी माझं जन्माचं वैर आणि हा ते माझ्या डोळ्यातच शिवायला निघाला. मी उठलो आणि चालू लागलो. पांढरं ओळखायला मला प्लास्टिक लागत नाही.

दुकानाचं ठीक म्हणायचं. कोपऱ्यावरच्या लॉजनं चादरी द्यायच्या बंद केल्या, कारण सांगत नाहीत. दोन गिऱ्हाइकं परवा पायरीवर आपल्याला निळी लॉन्ड्री म्हणत होती, माझ्या कानांनी टिपलं. आपलं शटर निळं आहे त्यावरून म्हणत असतील. मामाची जागा भरली नाही. दोघांना ठेवून पाहिलं, दोघांच्या हातचं पिवळंच. मीच आता नीळ दुप्पट केली आहे.

रागावलीस तरी विसरू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. ३ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद देते, पण हात आखडून.

मामांचा फोन आला होता. कामाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. विचारलं काय, तर मालक रस्ता एकटेच ओलांडतात का. गेली दोन वर्षं तू दुकानातून निघालास की ते काहीतरी निमित्त काढून तुझ्या मागोमाग यायचे, तू पलीकडच्या फुटपाथवर चढलास की परत फिरायचे. कधी विडी घ्यायला, कधी पोस्टात. विडी ते ओढत नाहीत, हे तुला तरी माहीत असायला हवं होतं. एवढे तुझे कान, मागची पावलं कधी ऐकू आली नाहीत? आता मागे कोण जातं या काळजीनं त्यांनी फोन केला.

त्यांचं काय चाललंय ते मलाच खोदून विचारावं लागलं. दोन लॉन्ड्र्यांत जाऊन आले. दोन्हीकडे हात बघून नको म्हणाले. घरी बसवत नाही म्हणून सकाळी डबा घेऊन निघतात आणि बागेत बसून येतात.

किळस तुला पिवळ्याची येते ना? मला तुझ्या हट्टाची यायला लागली आहे. ऑपरेशनचा दिवस ठरव. नाहीतर बाटलीच्या बुडासकट येऊन तुझ्या गल्ल्यावर बसते आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अभ्रा दाखवते.

तरीही तुझीच,
अक्का


ता. २२ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हे पत्र माझ्या हातचं, माझ्या उजव्या डोळ्यानं लिहिलेलं. तुझी धमकी लागू पडली.

दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं, तक्रारीला काही जागा राहिली असती. तोंडावर कापड, डोळ्यापुरतं भोक, वर दिवा. मग ते यंत्र गुणगुणायला लागलं. कठीण भाग आला की सूर चढतो, फुटला की उतरतो. आत काय चाललंय याची किळस येण्याऐवजी मी सूर ऐकत पडलो. सगळं ऑपरेशन कानांनीच पाहिलं म्हण. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता भिंग सोडतेय. शर्टाच्या बटणापेक्षा लहान, घडी घातलेलं, बारीक नळीतून आत गेलं आणि आपलं आपण उलगडलं. टाकासुद्धा घातला नाही. जन्मभर घड्या घातल्या, पण अशी घडी पाहिली नव्हती. भिंग साधंच घेतलं, लांबचं; लिहाय-वाचायला चष्मा लावतो. पिवळं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. पहिल्यांदा दिसली ती डॉक्टरीणबाईंची बाही, स्वच्छ आकाशी. मी म्हटलं, कोटांचा रंग छान निवडलाय दवाखान्यानं. त्या हसल्या आणि थेंबांची बाटली हातात दिली.

घरी आलो आणि, अक्का, सगळं घाण आहे! भिंतींवर बोटांचे डाग, नळाला शेवाळ, बशीच्या काठाला चहाचा थर. एवढी वर्षं मी त्या बशीतून प्यायलो! आरशात एक म्हातारा होता, त्याच्या कानांत झुडुपं. सूनबाई म्हणाली की सगळं आधीपासून असंच आहे, मी सांगायला गेले की तुम्ही मला तुमच्या स्वच्छतेवर भाषण द्यायचात.

मग दुकानात गेलो. फळ्यांवर पांढऱ्या कपड्यांचे गठ्ठे असतात ना, तिथे सगळं आभाळ रचून ठेवलेलं. मला वाटलं भिंगाचा दोष. एक शर्ट दारात उजेडाला नेला. डावा डोळा मिटला तर शर्ट निळा, उजवा मिटला तर पिवळा. निळा, पिवळा, निळा, पिवळा. रस्त्यातली माणसं बघायला थांबली, मी डोळे मिचकावतोय असं एका बाईला वाटून तिनं वाट बदलली. शर्ट कसा आहे म्हणून इस्त्रीवालीला विचारलं. तिनं आधी सूनबाईकडे पाहिलं, मग खाली मान घालून सांगितलं की निळा आहे, वर्षभर निळाच निघतोय, पण मामांचं झालं ते पाहिल्यावर तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. मला आता पिवळ्याचीही शिसारी येत नाही आणि निळ्याचीही. कुणाची येते ते तुला सांगायला नको.

तसाच बागेत गेलो. मामा बाकावर होते, डबा शेजारी, हात मांडीखाली लपवलेले. मला बघून त्यांनी आधी माझ्या मागे पाहिलं, रस्ता ओलांडून कुणी आणलं ते बघायला. एकटाच आलो म्हटल्यावर उठून उभे राहिले. मी निळीच्या कपाटाची किल्ली पुढे केली. ती त्यांनी लगेच घेतली नाही. म्हणाले, मालक, दुसऱ्या डोळ्याचं कधी करणार ते आधी सांगा, तोवर मला तुमचा भरवसा नाही. पुढच्या महिन्याची तारीख सांगितली तेव्हा किल्ली खिशात गेली. मग डबा उघडला. निम्मा मला दिला, आणि माझ्या शर्टाची कॉलर नीट बघून म्हणाले की हा घालून तुम्ही एवढा रस्ता चालून आलात?

कालपासून ते सगळे निळे कपडे पुन्हा भट्टीला घालताहेत. टबातून शाईसारखं पाणी जातंय. मला तिथे उभं राहायची परवानगी नाही.

तुझा अभ्रा परत पाठव, मामा धुऊन देतील. हट्ट माझा, माया तुझी, असंच चालू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. आज थेंब आणायला दवाखान्यात गेलो होतो. तिथे कळलं की त्यांचे कोट मुळात पांढरेच असतात. ते महिन्या-महिन्याला जास्त निळे होऊन यायला लागले, तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी सूनबाईला सांगितलं होतं की तुमच्या सासऱ्यांना मोतीबिंदू आहे, गाठोड्याच्या निमित्तानं घेऊन या.