शेवटच्या फेकीचा पट्टा

उरण, रविवार

चि. रचनास तुळशीमामाचा आशीर्वाद.

तू गोळाफेकीचा गोळा माळ्यावर ठेवायला लावलास आणि खेळ सोडलास, असं ताई फोनवर म्हणाली. पॅरा स्पर्धेत पंचांनी लाल झेंडा दाखवला, तुझी शेवटची फेक बाद झाली. "माझीच चूक, मामा. बसल्या जागेवरून उठले मी," म्हणत तू रडलीस.

बाय गो, तू उठली नव्हतीस. खुर्ची उठली.

पाय साथ देत नाहीत म्हणून तू ज्या लोखंडी खुर्चीत बसून फेकतेस, तिचे पट्टे जमिनीतल्या कड्यांना मीच बांधले होते. तू हात मागे नेलास तेव्हा मागचा पट्टा आवळून धरणाऱ्या खटक्याचा दात 'टक्' करून सुटला. वीस वर्षं ट्रेलरवर कंटेनर बांधतोय, तो आवाज मला झोपेतही कळतो. पण तिथे सगळे मला बांधणीतला उस्ताद म्हणत होते, मग तोंड उघडेना.

पट्टा मी मालाला बांधतात तसा बांधला. माल आपल्याच वजनाने खाली बसतो. तुझा जोर वर खेचतो, आणि तो एवढा वाढलाय हे मला कळलंच न्हाय!

हे पत्र धाडलं तर तू "जाऊ दे, मामा" म्हणशील आणि मी स्वस्तात सुटेन. म्हणून हे धाडत न्हाय; खुर्ची टेम्पोत चढवलीय, तळा गावाला तुझ्याकडे येतोय. सगळं तोंडावर सांगेन. पोटभर शिव्या दे, मग खुर्चीत बस. या वेळी पट्टे तू ओढ.

तुझा चुकलेला,
तुळशीमामा