तार तुटली त्या दिवशीचा भाव

कॅसलरॉक, श्रावण वद्य, शके १८४१

प्रिय भिकू,

हे पत्र हातात पडेल तेव्हा जवळ कोणी असेल तर आधी खिशात घाल आणि एकटा असताना वाच. इकडे पाऊस असा लागलाय की दुकानातल्या मिठाला पाणी सुटलंय. लाकडाच्या कंत्राटाचं काम थांबल्यामुळे हे जंगलातून घरी आलेत आणि दिवसभर चुलीपुढे बसून आहेत. चहाचं दुकान बरं चाललंय. घाट चढून गाडी आली की माणसं कुडकुडत उतरतात आणि आधी माझ्याकडे येतात. तूच बरेच दिवस आला नाहीस. मागल्या खेपेला आलास तेव्हाही माझ्याकडे नुसतं पाणी प्यालास आणि जेवायला वासूच्या खोलीवर गेलास. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

उळवीच्या जत्रेत तूच वासूची गाठ घालून दिलीस. "अक्का, हा आमच्या खानापूरचाच. मुंबईला कापसाच्या बाजारात राहून आलाय. त्याला स्टेशनाजवळ एखादी खोली बघून दे," असं तू म्हणालास. तुझा शब्द म्हणून मी खोली बघून दिली. त्यानं भिंतीला काळी पाटी लावली आणि सकाळ-संध्याकाळ मुंबईचा भाव तिच्यावर लिहायला लागला. भाव चढेल असं वाटलं तर तेजी लावायची, उतरेल असं वाटलं तर मंदी, आणि संध्याकाळच्या भावाला हिशोब मिटवायचा. कापूस कुणी डोळ्यांनी बघायचाच नाही. लढाई संपल्यापासून कापसानं माणसं कशी वर आली, ते तो असं रंगवून सांगायचा की गँगमन परशूसारखा मुकाट माणूससुद्धा गाडी गेली की तिकडेच जाऊन बसायला लागला.

मीही लावायला लागले, हे तुला ठाऊक आहेच. पण पाटीपुढे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पदराची गाठ सोडून पैसे काढायला किती वेळ लावला ते ठाऊक नसेल. घरी येऊन मी स्वतःशी नियम केले. तांदूळ-साखर भरायचे पैसे एका डब्यात आणि दुकानाचा नफा दुसऱ्यात. कापसाला हात लावायचा तो दुसऱ्या डब्यातूनच, आणि तोही चिमटीनं. ठरवलेलं बुडालं की त्या दिवशी तिथून उठायचं, कुणी कितीही बस म्हणालं तरी. बुडालेलं भरून काढायला दुप्पट लावायचं नाही. आणि संध्याकाळचा भाव लागला की सौदा मिटवायचा. उद्यावर काही ठेवायचं नाही, कारण आपण निजलेलो असताना मुंबईत काय होईल ते आपल्या हातात नाही. तुला हे सांगितलं तेव्हा तू हसलास. "अक्का, असं घाबरून कोण मोठं झालंय? वासूचं ऐक, जरा जोरात लाव," म्हणालास. त्या हसण्यावर मी आता विचार करते आहे.

नियमांनी मला वाचवलं, असं बरेच दिवस वाटत होतं. परशूनं म्हैस विकून लावलं आणि घालवलं, मी मात्र थोडं हरायची आणि पुष्कळ जिंकायची. मंदी म्हटलं की मंदी, तेजी म्हटलं की तेजी. इतकी शहाणी मी कधीपासून झाले, असा प्रश्न एकदा भाकरी थापताना मनात आला आणि मग जाईना. मी हरण्याचे नियम केले होते, जिंकण्याचा एकही केला नव्हता. त्याच आठवड्यात वासू चहा पिता पिता सहज म्हणाला, "अक्का, हात चांगला चाललाय तुमचा. आईच्या पाटल्या घरात ठिवून काय उपेग? त्या मोडून एकदाच लावा." माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. आईनं पाटल्या माझ्या ओटीत घातल्या तेव्हा खोलीत तू आणि मी होतो. ह्यांनासुद्धा मी सांगितलेलं नाही. मी हसून विषय टाळला, पण त्या दिवसापासून पाटीवरच्या आकड्यापेक्षा मी वासूच्या तोंडाकडे जास्त बघायला लागले.

मग परवाचा दिवस आला. सकाळी तेजी लावून मी पोहे आणायला गाडीनं तिनईघाटला गेले. परतीची गाडी काही येईना. दुपारी मोठं किंदळ्याचं झाड रुळांवर पडलं होतं. पावसासाठी पोत्याचं कोंगतं डोक्यावर घेऊन, पोह्यांचं गाठोडं काखेत धरून मी रुळांच्या कडेनं चालत निघाले. झाडाजवळ आले तर तारेचे खांबही आडवे झालेले, तार चिखलात लोळतेय, आणि परशू नि त्याचे सोबती कुऱ्हाडी चालवताहेत. "अक्का, तारंवर पाय दिऊ नगंस," परशू म्हणाला. मी ओलांडून पुढे आले. कॅसलरॉकला पोचले तेव्हा अंधारत होतं. बघते तर वासूच्या पाटीवर मुंबईचा संध्याकाळचा भाव लिहिलेला, आणि तेजी. मी जिंकले होते, पण पैसे मागायला आत गेले नाही.

आधी मी स्टेशनात गेले. तारमास्तर कंदील पुसत होते. म्हणाले, "दुपारपासून लोंढ्याकडनं, म्हंजे मुंबईच्या बाजूनं, एक अक्षर आलेलं न्हाई. आणि वासूची तार म्हणाल तर एरवीसुद्धा कधीमधीच येते." म्हणजे भाव मुंबईत ठरत नव्हता, त्या खोलीतच ठरत होता. कुणाला हरवायचं आणि कुणाला चढवायचं, तेही. मी तशीच भिजलेली वासूपुढे जाऊन उभी राहिले आणि तार कुठून आली ते विचारलं. तो जरासुद्धा दचकला नाही. "तुम्ही जिंकलाय न्हवं? मग तार कुठनं आली ते कशाला इचारताय?" असं म्हणून त्यानं पैसे पुढे सरकवले. मी हात लावला नाही. तेव्हा तो उठला, दार लोटलं आणि हळूच म्हणाला, "गावात बोलायच्या आधी तुमच्या भिकाजीला इचारा, ह्या खोलीत भांडवल कुणाचं हाय ते." दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप होतं, आणि पाटीवर काय बघितलं ते मी परशूला सांगितलं.

खोटे भाव लिहिणाऱ्या माणसाचा तेवढाच एक शब्द खरा का मानायचा, असं मी मनाला शंभरदा विचारलं. मग तुझं हसणं आठवतं, त्याच्याकडचं जेवण आठवतं, पाटल्या आठवतात. मागल्या खेपेला तुझ्या अंगावर नवा कोट होता, तोही आठवतो. आणि लगेच माझीच मला लाज वाटते, कारण लहानपणी ताप आला की तू माझा पदर मुठीत धरून निजायचास.

पत्र लिहिण्याचं कारण आता सांगते. परशू आणि बाकीची माणसं सोमवारी सुप्याला फौजदाराकडे जाणार आहेत. तार पडलेली परशूनं बघितली, पण त्याच वेळचा पाटीवरचा भाव बघितला तो मी. म्हणून त्यांना मी हवी आहे आणि मी जाणार आहे. ह्या माणसाला गावात कुणी आणला, असं तिथं विचारतील. मी तुझं नाव सांगीन. खोली मी बघून दिली, तेही सांगीन. ह्यांना काल सगळं बोलले, तर म्हणाले, "भाऊ हाय तुझा. चावडीवर ऐकण्याआधी तुझ्याकडनं ऐकू दे त्याला." म्हणून लिहिते आहे. पत्रानं उत्तर पाठवू नकोस, कागदावर मला तुझं तोंड दिसणार नाही. रविवारच्या गाडीनं स्वतः ये. तुझा त्यात पैसा नसेल तर मी ह्या पत्राबद्दल तुझे पाय धरीन. असेल तरीही ये, आणि सोमवारी आमच्याबरोबर सुप्याला चल. मी तुझ्या शेजारी उभी राहीन, पण तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही. तुझ्या वाटणीचा भात घालून ठेवते. पानावर बसायच्या आधी मात्र बोलायचं.

तुझीच,
देवकीअक्का