भुरीच्या अंगी लागेना

आसेगाव, १० ऑगस्ट २०२५

चि. पौर्णिमा हिस अ. आ. व जयभीम. वि. वि.

फोन तुझ्या भागिरथा वहिनीकडे असतो आणि हे तिच्यासमोर बोलता येत नाही, म्हणून पत्र. तू जनावरांच्या दवाखान्यात आहेस, तुलाच विचारतो.

आईच्या हातची एकच मेंढी राहिली, भुरी. ती खाते, पण अंगी लागत नाही. कणा हाताला टोचतो, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. पाच मेंढ्यांत हीच अशी, बाकीच्या चौघी टुणटुणीत. सरकीची ढेप भागिरथा घालते. परवा माझ्या तोंडून निघून गेलं, "माह्या मायची मेंढी तुले जड झाली काय?" तेव्हापासून ती बोलत नाही. वाढते, पण बोलत नाही. वर्षावासात रोज संध्याकाळी मी विहारात ग्रंथ वाचतो. ती मागे बसायची, आता येत नाही.

मी आपल्या परीनं करतो. पाऊस लागल्यापासून वंदना झाली की उजाडताच भुरीला एकटीला तळ्याकाठी नेतो. तिथलं गवत कोवळं, म्हातारीला चावायला सोपं. शेलूबाजारचा खाटीक दोनदा विचारून गेला. मन होत नाही. लवकर लिही.

तुझा दादा,
भिवाजी

अमरावती, १७ ऑगस्ट

ती. दादास सा. जयभीम.

एका घरात राहून बायकोपासून लपवून पत्र लिहिणारा तूच. असो.

आधी भुरीची खालची पापणी ओढून आतून बघ. लाल असेल तर मी चुकले. पांढरी असेल तर तिच्या चौथ्या पोटात दोऱ्यासारखे किडे आहेत. ते रक्त पितात. रक्तातलं सत्त्व गेलं की जबड्याखाली पाणी उतरतं. मग पोतंभर ढेप घातली तरी तिच्या वाट्याला काय येणार? लेंडी तपासून घे. औषध वजनावर द्यायचं, अंदाजानं नाही.

आता वाईट वाटून घेऊ नको. या किड्यांची पिल्लं लेंडीतून गवतावर येतात आणि दंव असेतो पात्यांवर चढून बसतात. तळ्याकाठचं ओलं, आखूड गवत त्यांना फार मानवतं. बाकीच्या चौघींना वहिनी ऊन चढल्यावर माळावर नेते, हो ना? ढेप पाचींना एकाच हातची. हे पत्र तिला वाचून दाखव.

तुमच्या दोघांच्या मायेची,
पौर्णिमा

आसेगाव, ७ सप्टेंबर

चि. पौर्णिमा हिस अ. आ.

पापणी पिठासारखी पांढरी निघाली. डॉक्टरांनी लेंडी तपासली, वजन करून औषध पाजलं. आता पिशवी ओसरली आहे. भुरी भागिरथेबरोबर माळावर जाते, उशिरा. मी खाटकाला नाही सांगून टाकलं.

तुझं पत्र मी विहारात वाचतो तसं मोठ्यानं वाचायला घेतलं. दंवापाशी थांबलो. पुढचं भागिरथेनं माझ्या हातून घेऊन वाचलं, घडी केली आणि भाकरी टाकायला गेली. जीव लावून मीच भुरीला रोज विष चारत होतो, आणि बोल लावला तो दुसरीला. हे मी चुलीपाशी बसून तिला सांगितलं. ती तव्याकडेच पाहत होती.

हल्ली ती रोज सकाळी पाचींच्या पापण्या बघते. काल भुरीची बघून झाली, ओळ संपली, मी शेजारी उभा. तिनं माझीच पापणी ओढली, उजेडाकडे तोंड वळवलं आणि म्हणाली, "रक्त हाये अजून. किडा निघाला वाट्टे."

संध्याकाळी ती विहारात मागे बसली होती. दोन ओळी चुकलो.

इकडची काळजी सोड, येणं मात्र कर.

तुझा दादा,
भिवाजी