श्रावण काय म्हणाला होता

दारव्हा,
५ नोव्हेंबर २०२४

चि. निकिता,
अनेक आशीर्वाद.

तुझी मैत्रीण समीक्षा भाऊबीजेला इथे आली होती. तिने तुझा पांढरकवड्याचा पत्ता दिला आणि तुझा प्रश्नही सांगितला. फोन नंबरही दिला, पण फोनवर मी फार बोलतो आणि समोरच्याचं ऐकत नाही. म्हणून पत्र लिहितो आहे. शाळा सुटल्यापासूनच्या चौदा वर्षांत तू मला पहिल्यांदाच काही विचारलंस.

आमचं बरं आहे. कुंदाच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. आमचा अनिकेत पुण्यातच आहे. कुंदाच्या भावाच्या शेतात कापूस फुटला आहे आणि वेचायला बाया मिळत नाहीत, एवढीच इथली बातमी.

आता गुडघा. सप्टेंबरात बसस्टँडजवळ जीपमधून उतरताना माझा पाय वळला. आयुष्यभर पोरांना पडायचं कसं ते शिकवलं, आणि स्वतः गोणीसारखा पडलो. यवतमाळच्या डॉक्टरांनी एमआरआय केला. गुडघ्यातली गादी काठाला फाटली आहे. ते म्हणाले, ऑपरेशनची घाई नको, सहा आठवडे व्यायाम करा, वजन उतरवा, मग बघू.

सहा आठवडे म्हटल्यावर घरात सगळ्यांना वाव मिळाला. आधी एरंडाची पानं झाली. मग निर्गुडीचं तेल. मग कुंदाने भावाच्या शेतातली काळी माती आणून गुडघ्यावर थापली. माती सुकली आणि निघेना. मी म्हटलं, यावर आता कपाशी उगवेल. ती म्हणाली, "उगवू द्या. माह्या भावाले बाया भेटत नाहीत, वेचायले मीच बसतो."

शेवटी तिने मला कौसल्याबाईंच्या वर्गात नेऊन बसवलं. तू ऐकलंस ते याच वर्गाबद्दल. बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आता सकाळी सात वाजता त्यांच्या अंगणात दहा-बारा जण बसतात. डोळे मिटायचे, श्वास मोजायचा आणि दुखरा भाग आतून बघायचा. बरा होताना बघायचा. किराणा दुकानवाला बाबुलाल रोज कमरेत अडाण धरणाचं पाणी सोडतो. त्याला गार वाटतं म्हणतो. मला बाईंनी सांगितलं, गादीला टाके पडताना बघा, एकेक टाका, सावकाश.

मला ते अजून नीट जमत नाही. गुडघा दिसतो, पण जो दिसतो तो माझा नसतो. असो.

दुखणं मात्र कमी झालं आहे, हे खरं. पूर्वी जिना दिसला की पाय आधीच आखडायचा. आता तेवढा आखडत नाही.

तू विचारलंस, यामुळे तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन टळेल का. करून बघायला काय हरकत आहे? मनाची ताकद मोठी असते. फक्त त्या श्रावणसारख्या हाडवैद्याच्या हाती पुन्हा गुडघा देऊ नकोस. तो अनुभव आपण घेतलेला आहे.

अंकुररावांना नमस्कार सांग. फुलसावंगीला माहेरी गेलीस तर सदाशिवरावांनाही.

तुझे
सर


दारव्हा,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. निकिता,

तुझं पत्र मिळालं. दोनच ओळी आहेत. "सर, तो गुडघा कोणाचा दिसतो? आणि ऑपरेशन करू की नको, ते सरळ लिहा."

ऑपरेशन कर. मागच्या पत्रात मी 'करून बघायला काय हरकत आहे' असं लिहिलं होतं. ते वाक्य परत घेतो. माझी गादी काठाला फाटली आहे. तुझं लिगामेंट तुटलेलं आहे. ते डोळे मिटून जुळत नाही, तेलाने नाही, मातीनेही नाही. बसमधून उतरताना तुझा गुडघा निसटतो असं समीक्षा म्हणाली. तो असाच निसटत राहिला तर आतलं उरलेलंही झिजेल. नागपूरच्या डॉक्टरांनी तुला सांगितलं आहे ते बरोबर आहे.

आता पहिला प्रश्न.

बाईंनी 'गुडघा बघा' म्हटलं की मला एक मुलगी दिसते. ती बाजेवर बसलेली आहे. गणवेशाची निळी चड्डी, उजव्या गुडघ्यावर सूज आणि सुजेवर मैदानाची लाल माती. मी पंधरा दिवस तो गुडघा बाजूला सारून माझा आणायचा प्रयत्न केला. आला नाही. एका सकाळी मी बाईंना म्हणालो, मला दुसऱ्याचाच गुडघा दिसतो.

"कोनाचा?"

"एका विद्यार्थिनीचा."

"तिले माहीत हाये का?"

"नाही."

"मंग इथं कायले बसले? तिकडं जा ना."

बाबुलालने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा धरणात उतरला.

चौदा वर्षांपूर्वी तुझा गुडघा मंगळवारी सरावात गेला. शनिवारी यवतमाळला खो-खोचा जिल्ह्याचा अंतिम सामना होता. आपल्या शाळेचा संघ विभागीय स्पर्धेसाठी कधीच अमरावतीला गेला नव्हता. फुलसावंगीत डॉक्टर नव्हता म्हणून मी तुला श्रावणकडे नेलं, हे तुला आठवत असेल. त्याने गुडघा दोन्ही हातांत धरला, नडगी पुढे ओढून बघितली, पाला लावला आणि सैल फडकं बांधलं. चोळलं नाही. आठवून बघ. त्याने गुडघा चोळलाच नव्हता.

मग तू आत पाणी प्यायला गेलीस आणि त्याने मला अंगणात बाजूला घेतलं. तो म्हणाला, "गुर्जी, आतली दोरी गेली. पोरीले पयवू नका. यवतमायले दाखवा."

तू बाहेर आलीस आणि विचारलंस, "काय म्हणाले?"

मी म्हणालो, "चमक भरली आहे म्हणतो. शनिवारपर्यंत पाय मोकळा होईल."

हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. कुंदालाही नाही. तिला परवा सांगितलं.

'दोरी' हा त्याचा शब्द. मी बी.पी.एड. झालेला माणूस. मला त्या शब्दाचा अर्थ कळला नाही असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. मला तो तिथेच, अंगणात कळला होता. म्हणून तर मी दुसरा शब्द वापरला.

शनिवारी तू तीन गडी मारलेस आणि चौथ्याच्या मागे खांबाला वळताना पडलीस. सामना आपण जिंकलो. तुझ्यावाचून अमरावतीला गेलो आणि पहिल्याच फेरीत हरलो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गावात कोणाकडून चोळून घेतलं होतं का. तुझे बाबा म्हणाले, हो, हाडवैद्याकडे नेलं होतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि गोष्ट तिथेच ठरली. मी खोलीतच होतो.

तुझे बाबा श्रावणच्या अंगणात जाऊन जे बोलले ते सगळ्या गावाने ऐकलं. मी त्यांच्या मागे उभा होतो, त्यांना आवरायला आल्यासारखा. श्रावणने एकदा माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही.

तुझं पत्र आल्यावर मी गुरुवारी फुलसावंगीला गेलो. दिग्रस, पुसद, मग जीप. उतरताना खांब धरून उतरलो. श्रावण घरीच होता. केस पांढरे झालेत, नजर तीच. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "गुडघा असंन त परत जा. गुडघ्याले हात लावत नाही मी. चौदा वर्स झाले."

मी म्हटलं, गुडघा दाखवायला आलो नाही. आणि तुला वर लिहिलं ते त्याला सांगितलं.

"मले माहीत हाये," तो म्हणाला. "पोरगी शनिवारी पयाली, तवाच समजलं तुमी सांगतलं नाही ते."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी गुर्जी. मी बोललो असतो त कोनं ऐकलं असतं? हाडवैद्यानं गुर्जीवर ढकललं म्हनले असते."

त्याच्या सुनेने चहा आणला. चहा पिऊन झाल्यावर तो माझ्या पायाकडे बघत बसला.

"लंगडून राह्यले तुमी."

"हो."

"दाखवा."

त्याने गुडघा दोन्ही हातांत धरला, नडगी पुढे ओढली. मग म्हणाला, "दोरी शाबूत हाये तुमची. गादीचं दुखनं हाये. चालत राहा. उड्या मारू नका."

"उड्या मारायचं वय राहिलं आहे का?"

"तुमचं काई सांगता येत नाही."

मग त्याने तुझं विचारलं. लग्न कुठे झालं, पाय कसा आहे. मी सांगितलं. तो म्हणाला, "गेलेली दोरी कोनाच्या हातानं लागत नाही. डोये मिटून त नाहीच. तिले म्हना, भेऊ नको, डाक्टरकडं जाय."

कौसल्याबाईंच्या वर्गाचा उपयोग एवढाच, पण तो आहे. भीती कमी होते. ऑपरेशननंतर कित्येक महिने पायाला नव्याने चालायला शिकवावं लागतं म्हणतात. तेव्हा डोळे मिटून मनातल्या मनात चाल. जिना चढ. खांबाला वळ. तिथे ते कामाला येईल. ऑपरेशनच्या जागी नाही, ऑपरेशननंतर.

तुझ्या बाबांना मी स्वतः सांगणार आहे. त्याआधी तू सांगितलंस तरी चालेल. मला माफ कर असं लिहिणार नाही. तुझ्यावर आणखी एक काम कशाला टाकू.

चंद्रशेखर


दारव्हा,
१६ डिसेंबर २०२४

चि. निकिता,

तुझं उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षा नव्हती. तीन जानेवारीला नागपूरला ऑपरेशन ठरलं, हे समीक्षाने सांगितलं. ते ऐकून मी कुंदाला मोठ्याने हाक मारली. ती पोळ्या टाकून धावत आली. तिला वाटलं, मी पुन्हा पडलो.

काल तुझ्या बाबांकडे गेलो होतो. तू त्यांना आधी काही सांगितलेलं नव्हतंस, हे गेल्यावर कळलं. तसं का केलंस ते मला समजलं. माझं मी सांगावं म्हणून.

श्रावणला मी बरोबर ये म्हटलं होतं. तो नको म्हणाला. "तुमचं तुमी सांगा. मी मागून येतो." आणि खरंच मागून आला आणि फाटकापाशी उभा राहिला.

सदाशिवराव ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. ते शेंगा सोलत राहिले. सगळं सांगून झालं तरी त्यांचा हात थांबला नाही. मला वाटलं, ऐकलंच नाही की काय. मग त्यांनी परात बाजूला ठेवली, फाटकाकडे बघितलं आणि म्हणाले, "श्रावण, भाईर कायले उभा हाये? आत ये ना."

तो आला. मग तुझ्या बाबांनी सदऱ्याची बटणं काढली आणि उजवा खांदा उघडा केला. तो खांदा दोन वर्षांपासून वर जात नाही. पुसदला दोनदा दाखवून झालं, पण पंचवीस पावलांवरच्या श्रावणला दाखवला नव्हता.

"पाह्य बरं," ते म्हणाले.

श्रावणने बोटांनी खांदा चाचपला. हात धरून हळूहळू फिरवला. तुझे बाबा दात आवळून बसले होते. श्रावण म्हणाला, "दोन वर्स कायले दम खाल्ला, पाटील?" तुझे बाबा म्हणाले, "तू कुठं बलावलं?" मग तुझी आई आतून म्हणाली, "आता भांडू नका, शेक देऊ का तेवढं सांगा." शेक द्यायचा ठरलं.

मला चहा मिळाला. माझ्याशी कोणी बोललं नाही. निघताना तुझ्या बाबांनी श्रावणला विचारलं, "तीन तारखेले नागपूरले येतं का संग? गाडीत जागा हाये." तो म्हणाला, येतो. मला विचारलं नाही. ते बरोबर आहे.

माझा पाय बराच सुधारला आहे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लागणार नाही. त्यात व्यायामाचं किती, कुंदाच्या मातीचं किती, ते त्यांनाही सांगता येत नाही. गेल्या बुधवारी डोळे मिटले आणि पहिल्यांदा माझा स्वतःचा गुडघा दिसला. पिकलेले केस, ओबडधोबड, कशाला बघावा असा. पण तो माझा होता. मी त्यात दोन टाके घातले. तिसरा घालायच्या आधी बाबुलाल घोरायला लागला.

तुला एवढंच सांगायचं आहे. ऑपरेशन झालं आणि तू शुद्धीवर आलीस की डॉक्टर काय म्हणतात ते श्रावणला नीट ऐकू दे. तो तिथेच असेल. दोरी लागली का, किती दिवस पाय टेकायचा नाही, पुढे काय करायचं, सगळं. मग तो मला फोन करील. तो जो शब्द सांगेल, तोच मी लिहून ठेवीन आणि समीक्षाने विचारलं, कुंदाने विचारलं, गावात कोणी विचारलं तर तोच सांगीन.

मी तीन तारखेला फोनजवळ बसून असेन.

चंद्रशेखर